आठव्यांदा उभा राहिलेला मनोरा

तुमच्या गावातले सर्वांत जुने दुकान कोणते, याचा कधी शोध घेतला आहे काय? एखाद्या पेढीच्या पाटीवर 'स्थापना १९१०' असे लिहिलेले दिसले की आपण घटकाभर थांबून पाहतो. शंभर वर्षे एकच व्यवसाय चालवणे सोपे नाही. पुढची पिढी दुसऱ्या कामाला लागते, गिऱ्हाइकांची आवड बदलते, लढाई किंवा दुष्काळ येतो आणि दुकानाला कुलूप लागते. आता अशी कल्पना करा, की त्या पाटीवर 'स्थापना इ. स. ५७८' असे लिहिले आहे!

जपानमधील ओसाका शहरात अशी एक बांधकाम कंपनी आहे. तिचे नाव कोंगो गुमी. 'गुमी' म्हणजे गट. देवळे बांधणे आणि त्यांची दुरुस्ती करणे हे तिचे काम. घराण्यात चालत आलेली हकीगत अशी, की राजपुत्र शोतोकू याने ५७८ साली कोरियातील बेकजे राज्यातून तीन कुशल सुतार बोलावून घेतले. त्यांतला कोंगो शिगेमित्सु हा या घराण्याचा मूळ पुरुष. बौद्ध धर्म जपानमध्ये नुकताच पोचला होता आणि मोठी मंदिरे उभारण्याचे तंत्र तिथल्या कारागिरांना अवगत नव्हते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. शोतोकूचा जन्म ५७४ सालचा मानतात. म्हणजे ५७८ साली तो चार वर्षांचा होता! तेव्हा ही हकीगत अक्षरशः घेऊ नये. पण ७२० साली पूर्ण झालेल्या जपानी बखरीत, बेकजेच्या राजाने ५७७ साली देऊळ बांधणारा कारागीर पाठवल्याची नोंद आहे. कथेचा गाभा खरा असावा, एवढे म्हणायला हरकत नाही.

५९३ साली ओसाकात शितेन्नोजी या मंदिराची उभारणी सुरू झाली आणि त्याची देखभाल कोंगो घराण्याकडे आली. पुढे चाळीस प्रमुख झाले. २००६ साली कंपनीचे स्वतंत्र अस्तित्व संपले, तेव्हा तिच्या परंपरेला १४२८ वर्षे झाली होती.

योगायोग असा, की त्याच ५७८ साली आपल्या दक्षिणेत बदामी येथे चालुक्यांचे तिसरे लेणे पूर्ण झाले. लेण्यातल्या शिलालेखात शक ५०० असे वर्षच कोरलेले आहे. ते लेणे आजही तसेच उभे आहे. पण ते कोरणाऱ्यांच्या घराण्याचा मागमूस नाही. शितेन्नोजीची गोष्ट नेमकी उलटी. तिथला पाच मजली मनोरा कितीदा तरी जळाला, पडला. आज दिसतो तो आठवा. मनोरा टिकला नाही, पण सुतार टिकले! मला वाटते, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. तो समजायला आधी मनोऱ्याची रचना पाहिली पाहिजे.

तुम्ही घरात किंवा कुंभाराकडे मडक्यांची उतरंड पाहिली असेल. खाली मोठे मडके, त्यावर जरा लहान, त्यावर आणखी लहान. जपानी मनोरा हा असाच रचलेला असतो. प्रत्येक मजला म्हणजे खांब, तुळया आणि दूरवर पुढे आलेले कौलारू पाखे यांचा एक स्वतंत्र डबा. खालच्या मजल्याचे खांब वरच्या मजल्यात जात नाहीत. वरचा डबा खालच्यावर नुसता ठेवलेला असतो. या रचनेचे मूळ आपल्याकडचेच आहे. भारतातील स्तूप चीन आणि कोरियामार्गे जाता जाता उंच होत गेला आणि त्याचा असा लाकडी मनोरा झाला. माथ्यावरच्या धातूच्या दांड्यावर एकावर एक चकत्या असतात, त्या स्तूपावरच्या छत्र्यांच्याच वंशज.

जपानमध्ये भूकंप सतत होतात. तरीही असे मनोरे भूकंपात कोसळल्याच्या नोंदी अगदी मोजक्या आहेत. ओसाकाजवळच्या होर्युजी मंदिराचा सुमारे ३२ मीटर उंचीचा मनोरा तेराशे वर्षे उभा आहे. त्याच्या मधल्या खांबाच्या लाकडातील वर्तुळे मोजून शास्त्रज्ञांनी ठरवले, की ते झाड ५९४ साली तोडले होते. मग उतरंड का पडत नाही?

भूकंपात घर का पडते, हे एस. टी.च्या गाडीत उभे राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. गाडी झटक्याने सुटली की पाय गाडीबरोबर पुढे जातात आणि धड जडत्वामुळे मागे राहते. भूकंपात जमीन पुढे सरकते, पाया तिच्याबरोबर जातो, छप्पर मात्र जागच्या जागी राहू पाहते. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. म्हणून छप्पर जितके जड, तितका मधल्या भिंतींवरचा ताण अधिक. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा जाड दगडमातीच्या भिंती ढासळून हजारो माणसे दगावली. त्या भागातील माळवदाच्या घरांची पाहणी करणाऱ्यांना एक गोष्ट दिसली. कित्येक घरांत भिंती पडल्या होत्या, पण लाकडी खांब आणि तुळयांचा खण तसाच उभा होता.

म्हणजे वजन हे एकच कारण नव्हे. मनोऱ्याच्या छपरांवर कौलांचा भार काही थोडा नसतो. खरा फरक सांध्यात आहे.

आपले सुतारही हा सांधा जाणतात. एका लाकडाचे टोक तासून त्याचे कुसू करायचे आणि दुसऱ्या लाकडातल्या खाचेत ते बसवायचे. जपानी देवळात असे हजारो सांधे असतात, खिळ्यांचा उपयोग फार थोडा. भिंतीला धक्का बसला की तिला तडा जातो. दुसरे काही करणे तिला शक्यच नसते. कुसवाला धक्का बसला की ते खाचेत किंचित हलते, घासते आणि पुन्हा जागेवर येते. जुन्या लाकडी खाटेवर कूस बदलली की करकर असा आवाज येतो ना? तुमच्या हालचालीची थोडी ऊर्जा तिथे घर्षणात खर्ची पडून तिची उष्णता होत असते, आणि आवाजही. भूकंपात मनोऱ्याचा प्रत्येक सांधा हेच करतो. जमिनीकडून आलेली ऊर्जा हजारो ठिकाणी थोडी थोडी खर्च होते. भौतिकीत याला अवमंदन म्हणतात.

दुसरी गोष्ट आवर्तकालाची. झोका देताना तुम्ही केव्हाही ढकलत नाही. झोका मागे येऊन परत फिरू लागला की ढकलता. आपल्या ढकलण्याचा आवर्तकाल झोक्याच्या आवर्तकालाशी जुळला, की थोड्या बलानेही झोका उंच जातो. हे अनुस्पंदन. टणक जमिनीवर भूकंपाचे जोरदार धक्के बहुधा सेकंदाच्या काही अंशात ये-जा करतात. सैल सांध्यांचा उंच मनोरा एकदा हेलकावायला सेकंदभर किंवा अधिक वेळ घेतो. ताल जुळत नाही, म्हणून झोका चढत नाही. शिवाय एक मजला डावीकडे कलला की त्याच्या वरचा उजवीकडे कलू शकतो. जपानी लोक याला सर्पनृत्य म्हणतात.

आता मधल्या खांबाचे कोडे. पायापासून माथ्यापर्यंत जाणारा हा एकच खांब, आणि तो मजल्यांचे ओझे मुळीच घेत नाही! तो पेलतो फक्त माथ्यावरचा धातूचा दांडा. मग एवढा महाकाय वृक्ष कशासाठी तोडायचा? कोणी म्हणतात, मजले हेलकावताना या खांबावर आदळतात आणि त्यांचे हेलकावे आवरले जातात. कोणी म्हणतात, भूकंपाशी त्याचा फारसा संबंध नाही. लहान प्रतिकृती कंपन-मंचावर हलवून प्रयोग झाले आहेत, तरी वाद मिटलेला नाही. पाठ्यपुस्तकात सगळ्याच प्रश्नांची उत्तरे असतात असे वाटणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण मुद्दाम सांगतो.

या खांबाची एक गंमत मात्र पुरती समजलेली आहे. पावसाळ्यात तुमच्या घरचा दरवाजा फुगून चौकटीत अडकत असेल. तो रुंदीत फुगतो. उंचीत वाढून उंबऱ्याला अडकल्याचे तुम्ही कधी ऐकले नसेल. लाकडाचे तंतू खोडाच्या दिशेने उभे असतात. ओले लाकूड वाळताना तंतूंना आडव्या दिशेने शेकडा पाच ते दहापर्यंत आकसू शकते. तंतूंच्या दिशेने मात्र हजारात एक-दोन भागच. मनोऱ्याच्या मजल्यांत आडव्या तुळया आणि ठोकळे थरावर थर रचलेले असतात. ते जाडीत आकसतात आणि वरच्या वजनाने दबतातही, त्यामुळे मनोरा वर्षानुवर्षे थोडा थोडा बुटका होत जातो. मधला खांब उभ्या तंतूंचा. तो जवळजवळ तेवढाच राहतो. परिणाम काय होईल? खांब माथ्याच्या छपरातून वर येऊ लागेल, तिथे फट पडेल आणि पावसाचे पाणी आत शिरेल. लाकडाला पाण्याइतका दुसरा शत्रू नाही.

निक्को येथील मनोरा १८१८ साली पुन्हा बांधला, तेव्हा सुतारांनी यावर नामी उपाय केला. त्यांनी मधला खांब चौथ्या मजल्याला साखळ्यांनी टांगला! खांबाचे बूड जमिनीपासून थोडे वर लोंबते. मनोरा बुटका होईल तसा खांबही त्याच्याबरोबर खाली उतरतो. त्या सुतारांपैकी कोणी प्रसरण-आकुंचनाचा धडा वाचला नव्हता. दोनशे वर्षांनी काय होईल याचा विचार मात्र त्यांनी केला होता, आणि तो बरोबर ठरला.

इतके सारे असूनही शितेन्नोजीचा मनोरा सात वेळा का नाहीसा झाला? लढाया, वीज आणि वारा. १५७६ साली आणि पुन्हा १६१४ साली ओसाकाभोवतीच्या लढायांत मंदिर जळाले. १८०१ साली वीज पडून आग लागली. प्रत्येक वेळी बांधणी पुन्हा झाली. विचार करा, मनोरा हजार वर्षे सुखरूप राहिला असता, तर त्याच्या हजारो सांध्यांपैकी प्रत्येक कसा कापायचा हे दहाव्या पिढीनंतर कोणाला माहीत राहिले असते? सांधा बाहेरून दिसत नाही. तो जोडताना किंवा उकलतानाच समजतो. आणि आगी लागल्या नाहीत तरी लाकडी देवळाची कौले, वासे, पाखे ठरावीक काळाने काढून दुरुस्त करावेच लागतात. आजोबांच्या हाताखाली नातू शिकेल, एवढ्या अंतराने काम निघत राहते. कंपनीच्या दीर्घायुष्याचे मूळ मला इथे दिसते.

अर्थात नुसत्या आगींवर घराणे चालत नाही. कोंगो घराण्यात गादी थोरल्या मुलाकडेच जावी असा हट्ट नव्हता. मुलगा नालायक असेल तर दुसऱ्याला, मुलगा नसेल तर जावयाला घराण्याचे नाव देऊन प्रमुख करत. बत्तिसाव्या प्रमुखाने वारसांसाठी नियम लिहून ठेवले. त्यांत मद्य बेताने घ्यावे, ऐपतीबाहेरचा पोशाख करू नये, यांबरोबर लिहिणे-वाचणे आणि सोरोबान, म्हणजे जपानी मण्यांची पाटी, यांचा सराव करावा असेही आहे. सुताराला गणित आलेच पाहिजे, हे तिथे दोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते!

१८६८ नंतर जपानमध्ये राज्यव्यवस्था बदलली, बौद्ध मंदिरांच्या जमिनी गेल्या आणि शितेन्नोजीकडून मिळणारे कायमचे वेतन बंद झाले. कोंगोंना प्रथमच बाहेर कामे शोधावी लागली. पुढे मंदी आली. सदतिसावे प्रमुख हारुइची यांनी हलाखीला कंटाळून १९३२ साली आपले जीवन संपवले. त्यांची पत्नी योशिए या अडतिसाव्या प्रमुख झाल्या. या जागेवर आलेल्या त्या पहिल्या स्त्री. दोनच वर्षांनी, २१ सप्टेंबर १९३४ रोजी, मुरोतो नावाने ओळखले जाणारे वादळ ओसाकावर आले आणि शितेन्नोजीचा मनोरा कोसळला.

भूकंप पचवणारी रचना वाऱ्यापुढे का हरली? भूकंपाचा धक्का क्षणात दिशा बदलतो. मनोरा डावीकडे कलतो न कलतो तोच त्याला उजवीकडे ओढले जाते. वादळी वारा मात्र एकाच बाजूने रेटत राहतो. वाऱ्याचा दाब काढायचे सूत्र सोपे आहे: हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरा आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला ५० मीटर. दाब येतो दर चौरस मीटरला १५०० न्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो वजनाइतका. मनोऱ्याची एक बाजू सरासरी ६ मीटर रुंद आणि ३० मीटर उंच मानली, तर क्षेत्रफळ १८० चौरस मीटर आणि एकूण बल २ लाख ७० हजार न्यूटन. सुमारे सत्तावीस टनांचे ओझे आडवे लोटत आहे असे समजा! बाहेर आलेले पाखे वाऱ्याला आणखी पकड देतात. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो, हे तुम्ही स्वतः ताडून पाहा.

योशिए यांच्या कंपनीला मनोऱ्याच्या पुनर्बांधणीचे काम मिळाले आणि डबघाईला आलेला धंदा सावरला. सातवा मनोरा १९४० साली उभा राहिला. पुढे महायुद्धात देवळांची कामे थांबली, तेव्हा सुतारांनी लाकडी पेट्या बनवून दिवस काढले. आणि मार्च १९४५ मधील विमानहल्ल्यात तो नवा मनोरा जळून गेला. त्याला पुरती पाच वर्षेही झाली नव्हती.

आठवा मनोरा १९५९ साली पूर्ण झाला. तो लाकडाचा नाही. लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटचा आहे. आग आणि वारा या दोघांनी पोळलेल्या शहराने काँक्रीट पसंत केले, यात नवल काय? या काळात कोंगो गुमीही काँक्रीटची देवळे बांधू लागली.

काँक्रीट जळत नाही आणि उडून जात नाही, पण त्याचेही एक दुखणे आहे. ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते. त्याचा सामू १२ च्या वर असतो आणि अशा वातावरणात आतल्या सळईला गंज चढत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड मात्र वर्षानुवर्षे हळूहळू आत झिरपतो, त्याची चुन्याशी प्रक्रिया होते आणि सामू उतरतो. मग ओलावा मिळाला की सळई गंजते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. तो आतून रेटतो आणि वरचे काँक्रीट पोपड्यासारखे सुटते. जुन्या इमारतींच्या सज्जांखाली उघड्या पडलेल्या तांबूस सळ्या तुम्ही पाहिल्या असतीलच. लाकडी देवळातली कुजलेली तुळई काढून तिच्या जागी नवी बसवता येते. काँक्रीटमधली सळई अशी कुसवातून उपसता येत नाही.

कंपनीच्या दृष्टीने दुसरी अडचण मोठी होती, असे मला वाटते. लाकडी सांध्यात तिच्याशी बरोबरी करणारे फार थोडे होते. काँक्रीट ओतणारे गल्लोगल्ली होते. काँक्रीटच्या कामात तिला साऱ्या ठेकेदारांशी दरांची स्पर्धा करावी लागली. त्यात १९८० नंतरच्या दशकात जमिनींचे भाव भडकले असताना तिने कर्ज काढून जमिनींत पैसा गुंतवला. १९९० नंतर भाव कोसळले, कर्ज राहिले, देवळांना येणाऱ्या देणग्याही आटल्या. आगी, लढाया आणि वादळे यांतून वाचलेले घराणे व्याजाच्या हिशेबात सापडले. चाळिसावे प्रमुख मासाकाझु कोंगो यांच्या काळात, जानेवारी २००६ मध्ये, ओसाकाच्याच ताकामात्सु या बांधकाम कंपनीने हा व्यवसाय आपल्याकडे घेतला. सोरोबानचा नियम आठवतो ना? असो.

मधल्या खांबाची कल्पना मात्र २०१२ साली तोक्योत नव्या रूपाने पुढे आली. तिथल्या स्काय ट्री या ६३४ मीटर उंचीच्या मनोऱ्यात मध्यभागी ३७५ मीटर उंचीचा काँक्रीटचा पोकळ दंड आहे. भोवतालच्या पोलादी सांगाड्यापासून त्याचा वरचा भाग सुटा ठेवला आहे आणि दोघांमध्ये तेलाचे धक्काशोषक बसवले आहेत. भूकंपात दंड आणि सांगाडा वेगवेगळ्या तालात हलतात आणि एकमेकांचे हेलकावे कमी करतात. या योजनेला अभियंत्यांनी नाव दिले ते लाकडी मनोऱ्यातल्या खांबाचेच. लाकडी मनोऱ्यात तो खांब हे काम करतो की नाही, हा वाद अजून चालूच आहे. पण त्याच्यावरून सुचलेला दंड ते करतो.

कोंगो गुमीचे नाव नव्या मालकांनी ठेवले आणि सुतारही ठेवले. ते लहान लहान गटांत काम करतात. प्रत्येक गटाचा एक प्रमुख असतो आणि गटागटांत चुरस असते. नवशिक्याला हत्यारांना धार लावण्यापासून सुरुवात करून स्वतंत्र काम करण्याइतके तयार व्हायला दहा वर्षे लागतात, असे ते मानतात. दरवर्षी ११ जानेवारीला हे सुतार शितेन्नोजीत जमतात, जुन्या पद्धतीचा पोशाख घालतात आणि एका ओंडक्यापुढे बसून सूत धरणे, रेघ मारणे आणि वाकसाने तासणे ही कामे क्रमाने करून दाखवतात. नव्या वर्षातले देवळांचे काम त्यानंतर सुरू होते.